जुंपून पाहिलेला प्रोसेसर

त्या वर्षी दिवाळी सरली आणि उंद्रीच्या लोकांना चहासोबत चघळायला एक नवाच विषय मिळाला. हिंमतरावांच्या घरात म्हणे कॉम्प्युटरवरून पेटलंय. इंटेलचा प्रोसेसर घ्यायचा की एएमडीचा, यावरून. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, एवढंसुद्धा ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनीही तावातावानं बाजू घेतल्या. कोणी म्हणालं, इंटेलशिवाय दुसरं काही घेऊच नये. कोणी म्हणालं, आजकाल सारी पोरं एएमडी घेतात. ज्याच्या घरी कॉम्प्युटरच काय, धड चालणारा रेडिओ नव्हता, तो सगळ्यात मोठ्यानं बोलत होता. गावाचं हे असंच असतं, त्याला इलाज नाही.

आणि हे सगळं पेटवलं होतं जयमालानं.

जयमाला म्हणजे गोपाल फोटोवाल्याची बायको. माहेर साखरखेर्ड्याचं, शिक्षण बारावी, अंगानं काडी आणि बोलायला लागली की मिरची. गोपाल आसपासच्या गावांतल्या लग्नांचं शूटिंग करतो. शूटिंग झालं म्हणजे काम झालं, असं बघणाऱ्याला वाटतं, पण खरं काम पुढंच असतं. कॅमेऱ्यातून आलेला तो सगळा पसारा कापायचा, जोडायचा, गाणी भरायची, आणि लोकांना पाहवेल असा सिनेमा करून द्यायचा. याला आमच्याकडं मिक्सिंग म्हणतात. गोपाल आधी ते बाहेर करायला द्यायचा. तिथल्या माणसानं एकदा एका लग्नात दुसऱ्याच लग्नाची पंगत जोडून दिली आणि नवरीची आई गोपालच्या दारात येऊन तासभर बोलून गेली. त्या दिवशी जयमाला म्हणाली, आणा इकडं, मी पाहते. तेव्हापासून मिक्सिंग तिचंच.

आणि काय करते म्हणून सांगू! कॉम्प्युटर शिकलेला कोणीही व्हिडिओ कापेल, पण कापायचं काय हे जयमालाला कळतं. नवरीच्या आत्याला दोन वेळा तरी दाखवायचं, नाही तर ती वर्षभर फुगून बसेल. बांधावरून भांडलेले दोन भाऊ एका चौकटीत येऊ द्यायचे नाहीत. मामानं मुलीला बोहल्यावर आणलं तिथं गाणं बंद करायचं आणि नुसती मंगलाष्टकं ठेवायची. कोणाचा व्याही कोणावर रुसला, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, सगळं तिला ठाऊक. त्यामुळं पार जानेफळपासून लोक गोपालला लग्न सांगताना हळूच विचारत, मिक्सिंग वहिनीच करणार ना?

असं असूनही गावाच्या लेखी ते काम गोपालचंच होतं. पाटी गोपालची, कॅमेरा गोपालचा, कॉम्प्युटर गोपालचा. जयमाला म्हणजे घरात बसून काहीतरी बटणं दाबणारी बाई. तिला याचा राग येत नव्हता असं नाही. चांगला येत होता. पण त्या मागच्या छोट्या खोलीत शिरून कानाला हेडफोन लावला, की तिला कोणी चहा मागत नसे, कोणी पाणी मागत नसे, कपडे वाळले का म्हणून विचारत नसे. त्या खोलीत ती म्हणेल तिथं लग्न सुरू व्हायचं आणि ती म्हणेल तिथं थांबायचं. एवढ्यासाठी तिनं बाकीचं सगळं सोडून दिलं होतं.

तर झालं असं, की गोपालनं नवा कॅमेरा घेतला आणि जुना कॉम्प्युटर त्याच्या फायलींपुढं हात टेकून बसला. चित्र अडकत अडकत सरके. नवरदेवाचा पाय घोड्यावरून निघे तो जमिनीला टेकेपर्यंत जयमालाची भाजी चिरून होई. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होणार, त्याआधी नवं मशीन पाहिजेच होतं. यावर कोणाचं दुमत नव्हतं.

पण त्या घरात मोठी खरेदी करायची ती हिंमतरावांनी. हिंमतराव म्हणजे गोपालचे थोरले भाऊ, जयमालाचे भासरे. माणूस देवासारखा सरळ आणि खांबासारखा ताठ. बैलाची पारख करावी तर त्यांनीच. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा करायची जी जुनी रीत आहे, तिच्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. आणि एकदा हात दिला, शब्द दिला, की तो फिरवायचा नाही. हा त्यांचा धर्म. त्यांच्या शब्दावर लोक जनावर उधारीवर सोडत. गावात भांडण झालं तर लोक त्यांना बोलावून नेत. त्यांनी आपल्या पद्धतीनं चिखलीच्या कॉम्प्युटरवाल्याला, कुलदीपला, फोन करून शब्द देऊन टाकला, एक इंटेलवाला डब्बा बाजूला ठेवा. घरात कोणाला विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. ट्रॅक्टर घेताना कुठं विचारलं होतं?

आता अजून एक सांगायला हवं. त्या घरात सुना भासऱ्यांशी तोंडावर बोलत नाहीत. डोक्यावर पदर घ्यायचा आणि जे काय असेल ते सासूच्या मार्फत बोलायचं. सासू, म्हणजे अन्नपूर्णाबाई, ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या. एका बाजूला खाटेवर हिंमतराव, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराच्या दाराआड जयमाला. दोघांमध्ये चार हातांचंही अंतर नाही.

"आई, सांग तिले," हिंमतराव म्हणाले. "म्या कुलदीपले शब्द देल्ला. इंटेलवालाच येईन. आपल्या घरात पयल्यापासून तेच हाय."

अन्नपूर्णाबाईंनी मान वळवली. "ऐकलं काय वं?"

"ऐकलं. त्याइले म्हना, इचारलं कोनाले?"

"हिंमत, ते म्हनते, इचारलं कोनाले."

"त्यात इचाराचं काय हाय? ट्रॅक्टर घेतला तवा इचारलं होतं काय?"

"त्याइले म्हना, ट्रॅक्टर तुमी चालवता. कॉम्प्युटर मी चालवते."

अन्नपूर्णाबाई बिचाऱ्या हातातली शेंग तशीच धरून दोन्हीकडं पाहत राहिल्या. एवढं सगळं त्यांनी परत कसं सांगायचं? आणि सांगायची गरज तरी काय होती, ऐकू तर सगळ्यांनाच गेलं होतं. गोपाल तिथंच होता. तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला, कारण घरात वाजायला लागलं की गोपालला मोबाइलमध्ये फार काम निघतं.

जयमालाला एएमडी पाहिजे होता. का, तर तिनं अभ्यास केला होता. भाकरी थापताना फोन डब्याला टेकवून ती हिंदीतले ते मशीनवाले व्हिडिओ ऐकायची. प्रोसेसरात कोर असतात, म्हणजे कामाला हात समजा. तेवढ्याच खर्चात एएमडीमध्ये जास्त हात मिळत होते. वेचणीला जास्त बाया लावल्या की कापूस लवकर घरी येतो, हे उंद्रीत कोणाला शिकवावं लागत नाही. तिला ते एकदम पटलं. आणि तिला एखादी गोष्ट पटली, की मग ती कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

हिंमतरावांचं म्हणणंही काही वेडेपणाचं नव्हतं. जो जुना डबा इतकी वर्षं निमूट चालला, त्याच घराण्यातला घ्यायचा. बैलाची जात माहीत असेल तर फसगत होत नाही, असा त्यांचा हिशेब. पण खरी अडचण वेगळीच होती. त्यांनी शब्द देऊन ठेवला होता, आणि आता घरातली एक सून तो फिरवायला निघाली होती. रोज संध्याकाळी ओसरीवर हेच. अन्नपूर्णाबाईंची मान इकडून तिकडं, तिकडून इकडं. शेवटी एक दिवस त्या म्हणाल्या, मह्यी मान धरली आता, तुमचं तुमी बोला.

त्या दिवशी हिंमतरावांचा आवाज चढला. "अन् बिघडलं तं? लगनसराईत काम अडलं तं लोकाइच्या दारात उभं कोन राहीन? मीच ना? पाटीवर नाव आमचं हाय."

दार सरकलं. जयमाला बाहेर आली. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण बोलली ती सरळ भासऱ्यांच्या तोंडावर, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

"मह्यं चुकलं तं मी मिक्सिंग सोडते. द्या मंग पयल्यासारखं बाहेर. मी त्या खोलीत पाय ठेवनार नाही."

हिंमतरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही, आईकडं पाहिलं आणि विचारलं, "ऐकलं ना तू?" अन्नपूर्णाबाईंनी मान हलवली. झालं. त्या घरात शब्द असाच होत असे, कागद लागत नसे.

बोलून गेली खरी, पण आत जाऊन चुलीपुढं बसली तेव्हा जयमाला भानावर आली. काय बोलून बसले मी? रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते पणाला लावतो, तसं तिनं तिची ती एक खोली पणाला लावली होती. गोपाल मागून येऊन हळूच म्हणाला, "घे ना बाप्पा त्याइचा इंटेल. तुले काय फरक पडते?" तिनं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो आला तसा परत गेला.

मात्र रात्रभर विचार करून सकाळी तिनं एक अट घातली. मशीन नुसता डबा पाहून घ्यायचं नाही. जुंपून पाहायचं. बैल घेताना दात पाहतात, चालवून पाहतात, आणि मग औताला जुंपून शेतात चार तासं, म्हणजे चार ओळी, मारून पाहतात. तसं दोन्ही मशीनं शेजारी शेजारी लावायची, आपलं लग्न त्यांच्यावर चालवायचं, आणि मग काय ते ठरवायचं. आता याला हिंमतराव नाही म्हणूच शकत नव्हते. जो विकणारा जनावर जुंपू देत नाही त्याच्या दावणीला उभं राहू नये, हे त्यांचंच बोलणं, साऱ्या गावाला तोंडपाठ. त्यांना हसू आलं आणि ते म्हणाले, "चाला. पाहू तुमचा बैल."

हिंमतराव, गोपाल आणि जयमाला, तिघंही गोपालच्या गाडीतून चिखलीला गेले. कुलदीपचं दुकान लहान, पण माणूस बरा. दोन्ही कंपन्यांचा माल विकत असल्यामुळं त्याला कोणाचंच वावडं नव्हतं. जयमालानं पर्समधून हार्ड डिस्क काढली. तिच्यात जानेफळच्या पुष्पांजलीचं लग्न होतं, गेल्या लग्नसराईच्या शेवटी नव्या कॅमेऱ्यानं काढलेलं, जुन्या डब्यावर अडल्यामुळं अजून न कापलेलं.

"वहिनी, अशी टेस्ट आजवर कोनी मांगतली नाही," कुलदीप म्हणाला.

"मंग लोकं घेते कसे?"

"खोक्यावरचं नाव पाहून घेते."

"आमी नाही घेत," हिंमतराव मध्येच म्हणाले. सुनेची बाजू घेतली गेली हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते खाकरले.

कुलदीपनं दोन मशीनं एका टेबलावर लावली. बाकी सगळं सारखं, मेंदू तेवढा वेगळा. हिंमतराव मध्ये खुर्ची टाकून बसले, अगदी बाजारात बसतात तसे, गुडघ्यावर उपरणं. जयमाला आधी एएमडीवर बसली. पुष्पांजलीची हळद उघडली. चित्र पळायला लागलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. जुन्या डब्यापुढं हे म्हणजे काहीच्या काही होतं. तिनं कापलं, जोडलं, मागं गेली, पुढं आली. दोन कॅमेऱ्यांची चित्रं एकावर एक ठेवली. तिथं मात्र मागं वळताना चित्र किंचित थबकलं. पापणी लवावी एवढंच. शेजारी बसलेल्याला कळणारही नाही. पण दिवसातून शंभरदा मागं वळणाऱ्या बोटाला ते लगेच कळतं.

मग ती इंटेलवर बसली. तीच हळद, तीच चित्रं. मागं वळली. चित्र बोटाबरोबर वळलं. पुन्हा वळली, पुन्हा वळलं. कुठंच थबकत नव्हतं. तिच्या कॅमेऱ्याच्या त्या जड फायलींशी याचं कसं कोण जाणे, नीट जमत होतं.

जयमाला उठून परत एएमडीवर बसली, परत तेच करून पाहिलं. परत तेच झालं. गोपालनं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही."

"चाला, आता रेंडर लावू," कुलदीप म्हणाला. रेंडर म्हणजे सगळं कापून जोडून झालं की मशीन ते एकजीव करून पुरा सिनेमा बाहेर काढतं, ते शेवटचं काम. दोन्हीकडं एकदमच सुरू केलं. पडद्यावर एक पट्टी भरत जाते, ती कोणाची आधी भरते ते पाहायचं. हे सगळ्यांनाच कळण्यासारखं होतं. शेजारच्या दुकानातले दोघंतिघं येऊन उभे राहिले. हिंमतराव पुढं वाकले. कोणीतरी म्हणालं, "लावा बे शर्यत." आणि पट्ट्या पळायला लागल्या.

एएमडी पुढं निघाला. थोडा, मग बराच. जास्त हात होते ना त्याला. त्याची पट्टी भरून झाली तेव्हा इंटेलची चांगलीच शिल्लक होती. गोपालचे सगळे दात दिसायला लागले. पाहायला आलेल्यांनी माना डोलावल्या. कुलदीप म्हणाला, "वहिनी, जिंकल्या तुमी."

हिंमतराव उठले. उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. माणूस मोठा खरा. तोंड उतरलं होतं, पण आवाज साफ होता. "गोपाल, तुह्या बायकोचं खरं निघालं. म्या हारलो." मग कुलदीपकडं वळून म्हणाले, "कुलदीप, म्या तुले शब्द देल्ला होता. त्यातून मले मोकळं..."

त्या माणसानं आयुष्यात कोणापुढं असं म्हटलं नव्हतं. आणि जयमालाला फक्त गप्प राहायचं होतं. बस, तोंड मिटून उभं राहायचं. खोली तिची, काम तिचं, वर गावभर नाव. कोणाला काही कळलं नसतं. त्या पापणीएवढ्या थबकण्याचं कोणाला काय पडलं होतं?

पण बसायचं कोणाला होतं त्या मशीनपुढं? रेंडर म्हणजे चुलीवर वरण ठेवल्यासारखं. ठेवलं की माणूस उठून दुसरं काम करतो, चार मिनिटं उशिरा शिजलं म्हणून कोणी उपाशी राहत नाही. कापणं म्हणजे पोळ्या लाटणं. तिथं हात सारखा लागतो, आणि लाटणं दर पोळीला अडायला लागलं तर बाई वेडी होईल. हे तिच्याशिवाय त्या दुकानात कोणाला ठाऊक नव्हतं. खोटं जिंकून घरी गेली असती तर ते खोटं दिवसभर तिच्याच बोटाखाली अडकत बसलं असतं, वर्षानुवर्षं. आणि चीड आली तिला, स्वतःची, हिंमतरावांची, त्या पट्ट्या पाहून माना डोलावणाऱ्यांची, सगळ्यांची.

"दादा, थांबा," ती म्हणाली. "इंटेलच घ्याचा."

गोपालनं कोपरानं ढोसलं. "चूप राह्य ना. जिंकली ना तू."

"नाही जिंकली. पट्टी लवकर भरली, तेवढंच. मह्यं काम पट्टीचं नाही. मह्यं काम कापाचं हाय, अन् ते याच्यावर चांगलं होते. म्या दोनदा पाह्यलं." तिनं कुलदीपला सांगितलं, "ज्याले गेमा खेळाच्या असतीन, का रेंडरचंच काम असन, त्याले तो द्या. तो काही वाईट नाही. मले हा पाह्यजे."

कुलदीप तिच्याकडं पाहतच राहिला. हिंमतरावांना समजायला जरा वेळ लागला. समजलं तशी त्यांची मान पुन्हा ताठ झाली, चेहऱ्यावर रंग आला. आणि मग त्यांना दुसरीही गोष्ट आठवली.

"मंजे तुमचं चुकलं."

"हाव. मह्यं चुकलं."

"मंग शब्दाचं काय? आईच्या समोर झाला तो. चुकलं तं मिक्सिंग सोडते, म्हनलं होतं."

"म्हनलं होतं."

"मंग?"

"नाही सोडत," जयमाला म्हणाली.

हिंमतरावांचा तर कानावर विश्वास बसेना. असं कोणी त्यांना कधी म्हटलंच नव्हतं. लोक शब्द मोडत, नाही असं नाही, पण आडून मोडत, सबबी सांगत, आजारी पडत. ही बाई समोर उभी राहून नाही म्हणत होती.

"आता म्या मले मोकळं कर म्हनून राह्यलो होतो त्याले," ते म्हणाले. "तसं मले मोकळं करा तरी म्हना."

"मी कोनालेच मोकळं करा म्हनत नाही. म्या देल्ला, म्या मोडते. तो शब्दच चुकीचा होता, रागात देल्ला होता." तिनं मशीनची हार्ड डिस्क काढून हातात घेतली. "दादा, तुमी तो मारका बैल आनला होता ना? ज्यानं गड्याले बांधावरून खाली टाकलं? अन् ते पांढरं खोंड, जे पेरनीच्या तोंडावर मरून गेलं? तवा तुमाले कोनी म्हनलं काय, हिंमतराव, तुमचं चुकलं, आता बाजारात पाय ठेवू नका? कोनी नाही म्हनलं. पुढच्या आठवड्यात तुमी गेलेच ना बाजारात? लोकं तुमच्याच मांगं आले ना बैल पाहाले? चुकूनच शिकले तुमी. मंग मी एक डाव चुकली तं मीच काऊन घरी बसू?"

"तुमीच बोलल्या होत्या," हिंमतराव म्हणाले. पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"बोलली होती. कारन मले वाटलं, मी कधी चुकलीच नाही पाह्यजे, तवाच मले ते काम करू देतीन. आता नाही वाटत तसं. चुकीन, अन् करीन."

एवढं बोलून तिनं हार्ड डिस्क पर्समध्ये टाकली आणि कुलदीपला म्हणाली, भरा खोक्यात. कुलदीपनं सवयीनं हिंमतरावांकडं पाहिलं, तर ते दुकानाच्या पायऱ्या उतरत होते. गोपाल मागं धावला. हिंमतराव त्याला एवढंच म्हणाले, की मी यष्टीनं येतो, शब्द मोडणाऱ्याच्या गाडीत मी बसत नाही. आणि खरंच उपरणं सावरत स्टँडकडं चालू लागले. आपल्याच भावाच्या गाडीला पाठ दाखवून हा माणूस उन्हात यष्टीची वाट पाहत उभा राहिला. ताठ म्हणजे किती ताठ असावं!

परतताना गाडीत गोपालनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "खोटं बोलली असती तं काय झालं असतं?" जयमाला खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तुमचं काही झालं नसतं." मग तिला एकदम रडू आलं. गोपालनं अमडापूरच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली आणि पाण्याची बाटली पुढं केली. रडून झाल्यावर ती म्हणाली, "चाला, पुष्पांजलीचं लगन पडलं हाय."

गावात बातमी यष्टीच्याही आधी पोचली. दोन दिवस हॉटेलात दुसरं बोलणं नव्हतं. हिंमतराव सरळ माणूस, त्यांनी तिखटमीठ लावलं नाही. मशीन मी म्हटलं तेच आलं हे जेवढं सांगितलं, तेवढंच तिनं शब्द मोडला हेही सांगितलं. लोकांनी मात्र मशीन विसरून शब्दच धरला. बाईमाणसाला एवढं चढवू नये, असं कोणी म्हणालं. आता यांच्या घराण्याच्या शब्दावर जनावर कोण सोडेल, असंही कोणी म्हणालं. घरी अन्नपूर्णाबाई दोघांनाही वेळेवर जेवायला वाढत होत्या आणि कोणाचाही निरोप कोणाला देत नव्हत्या.

जयमाला चार दिवस त्या खोलीतच होती. पाचव्या दिवशी आठवडी बाजार होता, म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडली. मेथीवालीपुढं चारपाच जणी उभ्या होत्या. त्यांच्यात सुभद्राबाई होती, वरच्या आळीची, तोंडाची फाटकी. बाकीच्या जे डोळ्यांनी विचारत होत्या ते तिनं तोंडानं विचारलं.

"काऊन वं जयमाला, तुवा म्हनते भासऱ्याले देल्लेला शब्द मोडला?"

"हाव, मोडला," जयमाला मेथीची जुडी उलटून पाहत म्हणाली. "सांग साऱ्याइले. माघातल्या तुह्या पोरीच्या लग्नाचं मिक्सिंग कोनाले देऊन राह्यली?"

सुभद्राबाईनं बाकीच्या बायांकडं पाहिलं. मग जुडी तिच्या हातातून घेतली, चांगली नाही म्हणून परत टाकली, आणि दुसरी निवडून तिच्या पिशवीत ठेवली.

"कोनाले मंजे? तुलेच ना बाप्पा," ती म्हणाली. "फक्त मह्या नंदेले जरा जास्त दाखवजो. मोठ्या पोरीच्या टाईमले तुवा तिले एकच डाव दाखवलं, अजून बोलत नाही ते मह्यासंगं."

"चुकलं मह्यं तवा," जयमाला म्हणाली. "आता तीन डाव दाखवीन."